व्याह्यांचा बादशहा पिवळा पडतो

रविवारी सकाळी केसरीनाथ भोईरांनी चष्मा काढून लुंगीच्या टोकाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि काचेच्या टाकीला नाक टेकवून पाहिलं. पिवळी रेघ होती तिथंच होती. माशाच्या शेपटीकडच्या बाजूला, नखाएवढीच, पण पिवळीधमक.

"पार्वती! ए पार्वती! आधी इकडं ये!"

पार्वतीबाई मागच्या पडवीत बोंबील साफ करत होत्या. तशाच हातांनी बाहेर आल्या. "काय झालं? मेला का?"

"शुभ बोल जरा! पिवळा पडतोय बघ हा."

पार्वतीबाईंनी लांबूनच मान वाकडी करून पाहिलं. "मंग आजच कालवण करा. उद्यापर्यंत न्हाय टिकायचा."

हा मासा केसरीनाथांच्या स्वतःच्या मालकीचा असता, तर या सल्ल्यावर ते कदाचित हसलेही असते. पण मासा व्याह्यांचा होता.

केसरीनाथांचं घर टेमघरला. एके काळी कापड विणायचे बारा लूम होते. ते विकून त्यांनी राहनाळला गोदाम बांधलं आणि आता तिथल्या ऑफिसात पंख्याखाली बसून ते पेपर वाचत. एकुलती एक लेक उन्नती कशेळीच्या हिरामण तरे यांच्या घरात दिलेली. जावई भाविक मस्कतला नोकरीला, उन्नतीही तिथंच. तिचे दिवस भरत आले तेव्हा डॉक्टरांनी विमानप्रवासाला सक्त मनाई केली. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून पार्वतीबाईंनी मेथीचे लाडूसुद्धा वळून ठेवले होते. पण त्यांचा पासपोर्ट अडला. आधार कार्डावर त्या पार्वती होत्या, शाळेच्या दाखल्यावर पारूबाई, आणि या दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला कुणी साहेब तयार होईना. शेवटी विहीणबाई कमळताईच लाडवांचा डबा घेऊन मस्कतला निघाल्या आणि त्यांच्याबरोबर हिरामणशेठही.

जाताना हिरामणशेठनी आपली खाऱ्या पाण्याची टाकी, टाकीतला मासा आणि दोनशे पानी वही केसरीनाथांच्या स्वाधीन केली. वहीत सगळं होतं. पाण्यात मीठ किती, पाणी किती गरम, दिवा कधी लावायचा, कोलंबी किती बारीक चिरायची. माशाची जात मात्र लिहिली नव्हती. त्याचं नाव 'बादशहा' एवढंच होतं, आणि तो दिसायचाही तसाच. शाईसारखा गडद निळा, आणि अंगावर एकात एक पांढरी-आकाशी वर्तुळं, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशी.

"व्याही, माझा जीव आहे हो हा," हिरामणशेठ निरोप घेताना म्हणाले होते. त्यांच्या वडिलांनी उभा जन्म कशेळीच्या खाडीत जाळं टाकून मासे बाहेर काढले, आणि हे आता माशाला आत ठेवण्यासाठी विजेचं बिल भरत होते. "दर रविवारी फोटो पाठवा फक्त."

"तुम्ही निर्धास्त जा," केसरीनाथ म्हणाले होते. "आहे तसा परत देईन. एक ठिपका इकडचा तिकडं होणार न्हाय."

आणि आता ठिपके इकडचे तिकडे व्हायला लागले होते.

केसरीनाथांचा पहिला संशय दुकानदारावर गेला. तीस वर्षं कापडात घातलेला माणूस. रंग उतरतोय म्हटल्यावर कच्चा रंग, हे त्यांचं पक्कं गणित. कुणीतरी साधा पिवळा मासा निळा रंगवून हिरामणशेठच्या गळ्यात मारला असणार. त्यांनी पांढरा रुमाल टाकीत बुडवला, पिळला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. रुमाल पांढराच होता. उलट पहिल्यापेक्षा स्वच्छ दिसत होता.

मग त्यांनी मोबाइलला विचारलं. फोन तोंडाजवळ धरून मोठ्यानं म्हणाले, "मासा पिवळा का होतो?"

मोबाइलनं तत्परतेनं उत्तर दिलं की हळद जास्त पडल्यामुळे, आणि त्याखाली सुरमईच्या सात पाककृती दाखवल्या.

पंधरा दिवसांत एका रेघेच्या चार झाल्या. वर्तुळं मधेच तुटली, पांढऱ्याचं पिवळट झालं, शेपूट फिकटलं. बादशहा कापड रंगवणाऱ्या डाइंगमधून बिघडून परत आलेल्या ताग्यासारखा दिसू लागला. केसरीनाथांची झोप उडाली.

"कावीळ हाय ती," पार्वतीबाईंनी एका सकाळी निदान केलं. "आमच्या थोरल्या काकांचं असंच झालं होतं."

"ते कसे बरे झाले?"

"जिव्याबाबाचं औषध."

जिव्या डोंगराकडच्या पाड्यावरचा म्हातारा वारली. काविळीवर त्याच्या मुळीचा गुण पंचक्रोशीत माहीत होता. टाकी काही पाड्यावर नेता येईना, म्हणून केसरीनाथ गाडी घेऊन गेले आणि जिव्याबाबालाच टेमघरला घेऊन आले. पेशंट कोण हे त्यांनी वाटेत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हातारा गाडीतून उतरला असता.

जिव्याबाबा हॉलमध्ये आला, टाकीसमोर उकिडवा बसला. बादशहा आपल्याच तोऱ्यात दगडाभोवती फेऱ्या मारत होता.

"खातो का?"

"माझ्यापेक्षा जास्त. रोज कोलंबी लागते."

"दम लागतो?"

"न्हाय."

"कुठं अंग घासतो? कोपऱ्यात पडून राहतो?"

"छे! दिवसभर हिंडतो."

जिव्याबाबानं बोट काचेवर ठेवलं. "डोळे बघ. कावीळ आधी डोळ्यांत उतरते. ह्याचे डोळे तुझ्यापेक्षा साफ हायती. ह्याला काय झालं न्हाय."

"पण बाबा, रंग?"

"रंग त्याचा हाय. तुला कशाला पाहिजे?" जिव्याबाबा उठला आणि केसरीनाथांकडे निरखून पाहू लागला. "तुझे डोळे खोल गेलेत. जेवत न्हायस काय? जीभ दाखव."

शेवटी औषध मिळालं ते केसरीनाथांना. तीन दिवस अनशापोटी, आंबट बंद.

मासा आजारी नाही हे ऐकून दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता. केसरीनाथांचा आणखी वर आला. "आजारी असता तर परवडलं असतं," ते पार्वतीबाईंना म्हणाले. "आजारी पडला, बरा केला, असं सांगता तरी आलं असतं. आता काय सांगू? तुमचा मासा निळा होता, आपोआप पिवळा झाला? कोण विश्वास ठेवील? म्हणतील, व्याह्यांनी माझा बादशहा मारला न् बाजारातला दुसराच आणून ठेवला! तिकडं विहीणबाई आपल्या लेकीचं बाळंतपण करतायत, रात्रंदिवस न्हाऊ-माखू घालतायत, न् आपल्याला साधा एक मासा सांभाळता येईना!"



तोवर मस्कतला नातू झाला होता. दर रविवारी हिरामणशेठचा मेसेज यायचा: आधी बाळाचा फोटो, आणि खाली, 'आता तुमची पाळी.' सुदैवानं पार्वतीबाईंच्या मोबाइलमध्ये गणपतीत काढलेले बादशहाचे चाळीस फोटो होते. केसरीनाथांनी त्यातलाच एकेक पाठवायला सुरुवात केली. फोटो गेला की फोन यायचाच.

"व्याही, काही बदल?" हिरामणशेठ विचारत.

"अजिबात न्हाय!" केसरीनाथ ठणकावून सांगत.

"बघा हां नीट. जरासाही नाही?"

"काळजीच करू नका. जसाच्या तसा!"

"अच्छा," हिरामणशेठ म्हणत, आणि फोन ठेवून देत. त्या 'अच्छा'चा अर्थ केसरीनाथ एकच काढत: त्यांना संशय आलाय.

नातू दर रविवारी वाढत होता. पालथा पडला, बसायला लागला, दात दाखवायला लागला. फोटोतला मासा तेवढाच होता. जानेवारीत एकदा हिरामणशेठनी विचारलं, "व्याही, माशाच्या मागं मखर दिसतंय. गणपतीचं मखर अजून काढलं नाही?"

केसरीनाथांनी माळ्याकडे पाहिलं. "ते… आवडलं सगळ्यांना. म्हटलं राहू द्या. शोभा येते."

"वा! आल्यावर बघेनच."

झालं. माळ्यावर गेलेलं मखर त्याच दुपारी खाली आलं आणि टाकीमागं परत उभं राहिलं. येणारे-जाणारे विचारू लागले. पार्वतीबाई कुणाला म्हणायच्या, माघी गणपतीचं हाय. कुणाला म्हणायच्या, नवसाचं हाय. माघ संपला, फाल्गुन संपला, मखरावरची झिरमिळी उन्हानं विटली, पण मखर हलेना.

"एका माशापायी मी किती खोटं बोलू?" पार्वतीबाई एकदा कडाडल्या. "उद्या सांगाल, ढोलताशा वाजव, तर तो पण वाजवीन!"

मार्चमध्ये बातमी आली: हिरामणशेठ, कमळताई, उन्नती आणि बाळ एप्रिलअखेर येताहेत. बादशहाच्या अंगावर आता ती वर्तुळं औषधालाही उरली नव्हती. अंगभर पिवळे पट्टे, डोळ्यांवरून काळी पट्टी, शेपूट हळदीसारखं. हॉलमध्ये ऊन आलं की तो नुसता झळकायचा, आणि त्याला झळकताना पाहून केसरीनाथ डोक्याला हात लावायचे.

ज्या आळाची भीती होती तोच आळ खरा करायचं त्यांनी शेवटी ठरवलं. मासा बदलायचा.

कुर्ल्याच्या बाजारात एका दुकानदाराला त्यांनी गणपतीतला फोटो दाखवला. फक्त तोच. पिवळ्या माशाचा फोटो दाखवायला त्यांना लाज वाटली. "बिलकुल ऐसाच मंगता. एक रेघ भी इधर-उधर नहीं चलेगा."

दुकानदारानं फोटो पाहिला आणि मागच्या टाकीकडे बोट केलं. "ये देखो सेठ. बच्चा है."

"बच्चा-वच्चा नहीं, यहीच मंगता."

"यहीच तो बच्चा है."

केसरीनाथांना वाटलं, दुकानदार लाडानं बोलतोय.

वहीत लिहिलं होतं की नवी टाकी महिनाभर चालवल्याशिवाय त्यात मासा सोडू नये. केसरीनाथ वहीच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. त्यांनी राहनाळच्या गोदामातल्या ऑफिसात दुसरी टाकी मांडली, मोजून मीठ घातलं, महिनाभर रिकाम्या पाण्याची सेवा केली, आणि मग एका दुपारी पिवळ्या बादशहाला गुपचूप तिकडं हलवलं. टेमघरच्या हॉलमध्ये निळं पिल्लू आलं, मागं मखर होतंच. चित्र हुबेहूब सप्टेंबरचं.

फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. त्या दिवसापासून ते सकाळी उठून चहाही न घेता राहनाळला पळू लागले. पिवळा त्यांना पाहिला की काचेपाशी यायचा, त्यांच्या बोटामागं इकडून तिकडं फिरायचा. "वेडा कुठचा," ते त्याला म्हणायचे, आणि दार लोटलेलं आहे ना, हे पाहून घ्यायचे.

एप्रिलच्या अखेरीस विमानतळावरून गाडी थेट टेमघरला आली. पार्वतीबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. उन्नतीनं वाकून नमस्कार केला आणि बाळ आपल्या वडिलांच्या हातात दिलं. केसरीनाथांचा पहिला नातू, सहा महिन्यांचा, गुबगुबीत, त्यांच्या चष्म्यावर झडप घालत होता. आणि केसरीनाथांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते हिरामणशेठकडे पाहत होते.

हिरामणशेठनी पाणीही घेतलं नाही. चपला काढल्या आणि सरळ टाकीपाशी गेले. वाकले. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. मग हळूच सोफ्यावर बसले.

"व्याही," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हा तर आहे तेवढाच आहे."

"मंग!" केसरीनाथांनी छाती फुगवली. "बोललो होतो ना! जसाच्या तसा!"

"आठ महिने झाले हो. इंचभरसुद्धा वाढला नाही. आणि पिवळा कसा नाही झाला?"



"क… काय न्हाय झाला?"

"पिवळा. अहो, या जातीचं पिल्लू असं निळं असतं. मोठं झालं की ही वर्तुळं जातात, पिवळे पट्टे येतात, डोळ्यांवर काळा मुखवटा येतो. जातच एम्परर, खरा बादशहा! तेवढं बघण्यासाठी तर मी त्याला वाढवत होतो. दर रविवारी तुम्हाला उगाच विचारत होतो का, काही बदल, काही बदल?" हिरामणशेठनी कपाळावरून हात फिरवला. "तुमचा दोष नाही. तुम्ही तर जिवापाड सांभाळलंत. माझंच चुकलं. जागा बदलली, त्यानं धसका घेतला. वाढच खुंटली बिचाऱ्याची."

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. व्याह्यांनी दोष स्वतःकडे घेतला होता, नातू मांडीवर होता, स्वयंपाकघरातून वड्यांचा वास येत होता. केसरीनाथांनी एकदा पार्वतीबाईंकडे पाहिलं.

पार्वतीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "बोला आता. का त्या मखराला अजून एक वर्ष हितंच ठेवू?"

"हिरामणशेठ," केसरीनाथ उभे राहिले, "गाडीत बसा. राहनाळला जायचंय."

"आत्ता? कशाला?"

"तुमचा मासा तिकडं हाय."

वाटेत कंटेनरच्या रांगेत अडकल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. रुमाल, कावीळ, जिव्याबाबा, चाळीस फोटो, कुर्ला. पुढच्या सीटवर हिरामणशेठ खिडकीबाहेर तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत की काय, या भीतीनं केसरीनाथांनी दोनदा माफी मागितली. मागं बसलेल्या कमळताईंच्या मांडीवर बाळ होतं.  त्या पदर तोंडाशी धरून बसल्या.

ऑफिसचं दार उघडलं. खोक्यांच्या थप्प्यांमधे, ट्यूबलाइटच्या उजेडात, बादशहा टाकीच्या मधोमध उभा होता. निळ्या अंगावर सोन्याच्या काडीसारखे पट्टे, डोळ्यांवर काळा मुखवटा, पिवळं शेपूट. वीतभर झाला होता. हिरामणशेठ जागच्या जागी थांबले. त्यांनी हात जोडले नाहीत एवढंच.

"काय रूप आलंय," ते पुटपुटले. "काय रूप आलंय! व्याही, माझ्याकडं असता तर इतका झाला नसता."

ते काचेजवळ गेले. बादशहानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ केसरीनाथांच्या बाजूला गेला आणि त्यांच्या बोटासमोर तोंड उघडमीट करू लागला.

"भूक लागली असेल," केसरीनाथ ओशाळून म्हणाले.

"लागली असेल," हिरामणशेठ म्हणाले, आणि मग त्यांना हसू आवरेना. केसरीनाथही हसले, कितीतरी महिन्यांनी, पोट धरून. मग त्यांनी कमळताईंकडून बाळ घेतलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. बाळाचं नाक पार्वतीबाईंचं होतं. इतक्या रविवारच्या इतक्या फोटोंमध्ये हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पण एक सांगा, हिरामणशेठ," बाळाला टाकीपुढं धरत ते म्हणाले, "मीठ किती, पाणी किती कोमट, कोलंबी किती बारीक, सगळं लिहिलंत. दोनशे पानं भरलीत. न् मासा मोठेपणी पिवळा होतो एवढी एक ओळ लिहायला काय झालं होतं?"

हिरामणशेठचं हसू थांबलं. ते खोक्यांवरचे पत्ते वाचू लागले.

"लिहिणार होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं."

"मंग? कसं कळलं?"

"माझ्याकडं आधीही असाच एक होता. पिवळा पडायला लागला. मी घाबरलो, सडला म्हटलं, आणि दुकानदाराला नेऊन दिला. त्यानं पण तोंड बारीक केलं. म्हणाला, सेठ, बीमार है, लेकिन आपके लिए वापस लेता हूँ. आणि मला दुसरं निळं पिल्लू दिलं, पूर्ण किमतीत. पुढं त्याच्याच दुकानात मोठ्या टाकीत मला पिवळे पट्टेवाले दिसले, तेव्हा कुठं उजेड पडला. एकदा फसलो, व्याही. माणूस एकदा फसतोच."

"एकदा?" कमळताईंनी तोंडावरचा पदर काढला. "तीनदा दिलाय परत. तीनदा!"

 बादशहानं एक गिरकी घेतली. हिरामणशेठनी चष्मा सारखा केला.

"तिसऱ्या वेळी मला जरा शंका आली होती," ते म्हणाले.